रोमन शिपायाचे ओझे

आठवड्याच्या बाजाराहून येताना आपण ओझे कसे बांधतो? जड जिन्नस तळाला, फुटणारा वर. पैशाची चंची मात्र कमरेला. चंची गाठोड्याच्या तळाशी कोणी टाकत नाही. ती केव्हा लागेल याचा नेम नसतो ना!

जी गोष्ट ऐन वेळी लागते, ती हाताशी हवी. ही साधी गोष्ट विसरली तर बाजारात फजिती होते. लढाईत मात्र जीव जातो. या पाठात आम्ही तुम्हांला अशाच एका ओझ्याची हकीकत सांगणार आहोत.

युरोप खंडात इटली नावाचा देश आहे. तिथले रोम शहर फार जुने. दोन हजार वर्षांपूर्वी रोमची सत्ता दूरदूरच्या मुलखांवर होती. ही सत्ता पायी चालणाऱ्या शिपायांच्या जोरावर उभी होती.

मारियसची खेचरे

फौजेबरोबर सामान आलेच. सामानासाठी जनावरे आली. जनावरे जास्त झाली की रांग लांबते आणि फौज रेंगाळते. सुमारे २१०० वर्षांपूर्वी मारियस नावाच्या रोमन सेनापतीने यावर उपाय केला. ज्याचे त्याने उचलायचे! भांडी आणि शिधा यांचे गाठोडे बांधायचे, ते दांड्याला अडकवायचे आणि दांडा खांद्यावर घ्यायचा. लोक या शिपायांना थट्टेने 'मारियसची खेचरे' म्हणू लागले.

पण त्या दांड्यात खुबी होती. थकवा आला की दांडा खाली टेकावा, घटकाभर विसावा घ्यावा, पुन्हा उचलावा. शत्रू आला तर गाठोडे सोडत बसायला नको. दांडा टाकला की माणूस मोकळा.

गाठोड्यात काय असे?

जोसेफस नावाच्या यहुदी इतिहासकाराने ही फौज स्वतः पाहिली होती. तो सांगतो, पायदळाच्या शिपायाजवळ करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामड्याची वादी, विळा, साखळी आणि तीन दिवसांचा शिधा असे. शिपायाजवळ विळा आणि टोपली कशाला? ऐका. मुक्कामाला पोचल्यावर ही फौज लगेच झोपत नसे. आधी छावणीभोवती चर खणायचा, मातीचा बांध घालायचा, मगच चूल पेटायची.

नव्या शिपायांना सुमारे २० किलो ओझे घेऊन चालण्याचा सराव देत. हत्यारे यात धरलेली नाहीत, बरे का! एका चालीत सुमारे ३० किलोमीटर वाट तुडवावी लागे.

मात्र सगळेच खांद्यावर नसे. आठ शिपायांचा एक गट असे. त्यांचा चामड्याचा तंबू आणि दळण्याचे जाते एका खेचरावर लादत. जे एकाला पेलत नाही, ते आठ जणांत वाटून घ्यायचे, अशी रीत होती.

ढाल

आता ढालीकडे वळू. ही ढाल आपल्याकडच्या गोल ढालीसारखी नव्हे. ती उंच आणि नळीच्या कौलासारखी बाकदार. सीरिया देशात दुरा-युरोपोस येथे अशी एक ढाल सापडली आहे. ती सुमारे साडेतीन फूट उंच आहे. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे तीन थर एकमेकांवर चिकटवून ती केलेली आहे. अशा ढालीचे वजन सहा ते दहा किलो भरे.

चिकटवलेल्या लाकडाला पाणी लागले तर काय होईल? सांधा सुटेल, लाकूड फुगेल, ढाल जड होईल. म्हणून वाटेने ढालीला चामड्याची खोळ घालत. स्वित्झर्लंडमध्ये विंडिश या गावी रोमन छावणीचा जुना उकिरडा आहे. त्यात अशा खोळींचे तुकडे सापडले. उकिरडासुद्धा इतिहास सांगतो, तो असा!

शिपाई चालत कसे, हे दगडात कोरलेले आहे. रोममध्ये ट्रेजन राजाचा उंच स्तंभ आजही उभा आहे. तो इ. स. ११३ मध्ये पुरा झाला. त्यावर नावांच्या पुलावरून नदी ओलांडणारे शिपाई दिसतात. डाव्या खांद्यावर दांडा आहे, दांड्याच्या टोकाला गाठोडे आहे, डाव्या बाजूला ढाल आहे. डोक्याचा टोप काढून अंगावर लटकवला आहे.

नदीकाठची लढाई

इ. स. पूर्व ५७ साली सीझर हा रोमन सेनापती आजच्या बेल्जियम आणि फ्रान्सच्या मुलखात लढत होता. नर्वी नावाचे शूर लोक त्याच्या वाटेवर दबा धरून बसले. त्यांना खबर मिळाली होती की रोमन दळे एकामागून एक येतात आणि दोन दळांच्या मध्ये सामानाची लांब रांग असते. पहिले दळ ओझ्याखाली वाकलेले असतानाच गाठायचे, असा त्यांनी बेत केला.

पण शत्रू जवळ आला की सीझर चालीचा क्रम बदलत असे. सहा दळे बिनओझ्याची पुढे, मग सगळे सामान एकत्र, मागे राखणीला दोन दळे. नर्वींचा अंदाज चुकला.

तरी संकट टळले नाही. साबिस नदीच्या काठी शिपाई छावणीचे काम करीत होते. काही जण बांधासाठी सामान आणायला दूर गेले होते. तेवढ्यात शत्रू धावून आला. टोप डोक्यावर चढवायला वेळ नाही! ढालीची खोळ काढायलाही वेळ नाही! जो जिथे होता, तिथेच लढू लागला. पुष्कळ माणसे पडली. खुद्द सीझरजवळ ढाल नव्हती. त्याने मागच्या रांगेतल्या एका शिपायाची ढाल घेतली आणि तो पुढे घुसला. सामानामागची दोन दळे धावत आली. पलीकडे गेलेले एक दळही मागे फिरले. शेवटी रोमन जिंकले. पण फार थोडक्यात निभावले.

सामानाचा क्रम बदलला, म्हणून फौज वाचली. ढाल खोळीत राहिली, म्हणून माणसे गेली. खोळ वाईट नव्हती. तिनेच पावसात ढाल राखली होती. पण पावसाची वेळ वेगळी आणि घावाची वेळ वेगळी. ती वेळ ओळखून आधी तयारी करावी लागते.

विचार करा

१. मारियसने शिपायांना स्वतःचे सामान का उचलायला लावले?
२. ढालीला खोळ का घालत?
३. सीझरने सामानाचा क्रम का बदलला?
४. आपल्या घरात ऐन वेळी लागणाऱ्या वस्तू कोणत्या? त्या हाताशी आहेत का?

शब्दांचे अर्थ

खोळ : वरून घालायचे आवरण.
वादी : चामड्याची पट्टी.
दळ : फौजेचा मोठा भाग.
टोप : डोक्याच्या रक्षणासाठी घालायची धातूची टोपी.