कतारगामची फेरी घेणाऱ्या भाच्याला

सुरतेतल्या कतारगामची जनरेटर दुरुस्तीची फेरी आता तुझी. जीआयडीसी, वेड रोड, डभोली, कुठेही गेलास तरी शेठ चावी देताना एकच म्हणणार, "जल्दी करो, कारीगर बैठे हैं." हिरे घासायच्या घंटीवरच्या कारीगराला नगावर पैसे मिळतात, त्यामुळे घाई खोटी नसते. पण त्या घाईत तू थेट ए.व्ही.आर., म्हणजे व्होल्टेज सांभाळणारं कार्ड, बदलायला बसलास तर दिवस गेला म्हणून समज. महागाचा पार्ट सगळ्यात शेवटी. बहुतेक दुखणी लगमध्ये, थिंबलमध्ये नाहीतर बॅटरीत निघतात.

कॅनॉपी उघडण्याआधी सेट ऑटोवरून काढ आणि बॅटरीची निगेटिव्ह सोड. लाइट गेली की सेट आपोआप उठतो, तुझा हात बेल्टवर आहे का ते बघत नाही.

सेल्फ नुसता टक करतोय? उभ्या बॅटरीवर १२.६ दिसलं म्हणून खूश होऊ नकोस, हेल्परला सेल्फ मारायला सांगून तेव्हाचं बघ. नऊ-साडेनऊच्या खाली घसरली तर बॅटरी गेली. तग धरते आणि सेल्फ तरीही उठत नाही, तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर ठेव आणि पुन्हा मार. अर्धा व्होल्ट दिसला की अर्थची पट्टी घासून आवळ. गच्चीवरच्या सेटना पावसाळ्यात हेच होतं. मोठ्या सेटला २४ व्होल्ट असतात, तिथे बॅटरीचे आकडे दुप्पट धर.

आता खरं काम. इंजिन छान चालतं, व्होल्टेज नाही किंवा कमी. आधी फ्रिक्वेन्सी बघ. ५० हर्ट्झ म्हणजे १५०० आरपीएम. डिझेल वाचवायला कोणीतरी स्पीड ४५-४६ वर आणून ठेवलेला असतो, आणि स्पीड पडला की ए.व्ही.आर. स्वतःहून व्होल्टेज खाली आणतो. त्यात त्याचा दोष नाही. स्पीड बरोबर आहे आणि आउटपुटला एखादा व्होल्टसुद्धा नाही, तर एक्सायटरच्या फील्डचा चुंबकपणा उतरलाय. बरेच महिने बंद पडलेल्या सेटला असं होतं. सेट बंद कर, फील्डच्या दोन तारा ए.व्ही.आर.वरून सोड, १२ व्होल्टची बॅटरी प्लसला प्लस धरून दोन-तीन सेकंद लाव. उलटी लावलीस तर होता तोही जाईल.

एवढ्याने व्होल्टेज आलं नाही तर त्याच तारांना बॅटरी जोडून, लोड न देता सेट चालव. तिन्ही फेज सारखे आणि ४०० च्या आसपास आले की अल्टरनेटर ठणठणीत, आता ए.व्ही.आर.चं बिल खुशाल फाड. सारखे पण कमी आले तर फिरत्या डायोडपैकी एखादा शॉर्ट असतो. डायोडची तार (पिगटेल) सोडून दोन्ही बाजूंनी तपास, एकीकडून वाट मिळायला हवी, दुसरीकडून नाही. तिन्ही वेगवेगळे आले तर स्टेटर. ते काम वायंडिंगवाल्याचं, आपण हात घालायचा नाही.

व्होल्टेज कमी होण्यापेक्षा वाढलेलं मला जास्त भीतीचं वाटतं. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांत रात्रपाळीला निम्म्या मशीन बंद, आणि पॅनेलमधली कपॅसिटर बँक मात्र चालूच. तेवढ्या कमी लोडवर कपॅसिटर उलटे अल्टरनेटरलाच फुगवतात आणि ए.व्ही.आर.च्या हातात काही राहत नाही. सेटवर जाताना एपीएफसी, म्हणजे हीच कपॅसिटर बँक, बाद होईल अशी वायरिंग करून घे. शेठ कुरकुर करेल, करू दे. त्याच कारखान्यांत अल्टरनेटरची जाळीही बघत जा, धाग्याची रुई साचून हवा बंद झालेली असते.

२००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून पाणी सुटलं, सुरत बुडाली आणि तळघरातले सेट चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर ज्याने नुसतं पुसून सेल्फ मारला त्याचं वायंडिंग जळणारच. बुडालेला अल्टरनेटर गोड्या पाण्याने धू, हीटर नाहीतर मोठे बल्ब लावून सुकव, आणि ५०० व्होल्टचा मेगर लाव. त्याआधी ए.व्ही.आर. सोड आणि डायोड शॉर्ट कर, नाहीतर मेगरच ते मारेल. गरम होताना रीडिंग आधी खाली जातं, घाबरू नकोस, मग चढतं. एक मेगओहमच्या चांगलं वर जाऊन टिकेपर्यंत चावी खिशात.

केबल सोडून पुन्हा जोडलीस की चेंजओव्हर टाकण्याआधी फेज सिक्वेन्स लाइनशी जुळव. स्क्रू कॉम्प्रेसर उलटा फिरला तर काही सेकंदांत बसतो, आणि त्याची किंमत तुझ्या बिलातून कापली जाते. न्यूट्रलचा बोल्ट मात्र हेल्परवर सोडू नकोस. तो सैल राहिला की एका फेजवरचे दिवे मंद होतात आणि दुसऱ्यावर, हिऱ्यांचं प्लॅनिंग चालतं त्या कॉम्प्युटरना, तीनशेच्या वर जातं. स्वतः आवळ, प्रत्येक फेज न्यूट्रलशी मोज, मगच लोड दे.