सात वेळा 'चालेल'

अगं, तुमच्या ग्रुपचा तो स्क्रीनशॉट पाहिला. आधी हसू आलं, मग जरा धास्तीच वाटली. तू लिहिलंस, 'जूनमध्ये ताईकडे स्कॉटलंडला गोल्फ खेळायला जायचं का? चार दिवस.' आणि खाली ओळीनं सात 'चालेल'. एकीनं तर नाचणारी बाईही चिकटवलीय. तुला वाटलं, झालं, ठरलं. राणी, अजून काही म्हणजे काही ठरलेलं नाही. 'चालेल' हा आपल्या भाषेतला फार महागात पडणारा शब्द आहे. 'मला एवढे पैसे झेपणार नाहीत, पण चारचौघींत कुठे बोलू' असा त्याचा अर्थ असतो. 'मला अजून बॉल धड उडवताही येत नाही, पण तुम्ही म्हणताय तर येते' असाही असतो.

मी हे अंगाशी आल्यावर शिकले. डंडीला येऊन दोनच वर्षं झाली होती, गोल्फचं नवंनवं वेड होतं. सहाजणींची सहल मीच ठरवली आणि हौसेनं एका नावाजलेल्या कोर्सचं बुकिंग करून टाकलं. नाव विचारू नकोस, चूक माझी होती. माणशी एकशे ऐंशी पौंड. आमच्यातली एक मैत्रीण जेमतेम तीन महिने क्लासला गेलेली. मे महिना होता, गॉर्स फुललेलं. गॉर्स म्हणजे ते पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप. ऊन तापलं की त्याला अगदी खोबऱ्याच्या वड्या थापल्यासारखा वास येतो. त्या वासात, मनगटावर ओरखडे घेत, ती बॉल शोधत होती. सात होलमध्ये नऊ बॉल गेले. मागचे चौघे कमरेवर हात ठेवून वाट बघत उभे. आठव्या टीवर तिनं ड्रायव्हरला त्याची टोपी चढवली आणि हसतच म्हणाली, "तुम्ही खेळा गं, मी तुमचे फोटो काढते." उरलेली अकरा होल ती आमच्या मागून बॅग ओढत चालली. फोटो सुरेख आलेत. ती मात्र एकाही फोटोत नाही. त्यानंतर तिनं क्लब हातात धरल्याचं मला ठाऊक नाही.

म्हणून ग्रुपवर आता काही लिहू नकोस. एकेकीला फोन कर, तोही ती घरी एकटी असेल तेव्हा. दोनच प्रश्न विचार. पहिला, 'प्रवास, राहणं, खेळणं, सगळं धरून किती झाले तर परत आल्यावर मनाला खुपणार नाही?' आकडाच घे, 'बघू' घेऊ नकोस. दुसरा, 'शेवटची अठरा होल कधी खेळलीस आणि किती बॉल हरवलेस?' हँडिकॅप विचारलास तर कोणी चढवून सांगेल, कोणी लाजून उतरवून. हरवलेल्या बॉलांचा आकडा मात्र बायका बहुतेक खरा सांगतात. पैशांच्या आकड्यांची सरासरी मुळीच काढायची नाही. सगळ्यात लहान आकडा तोच तुमचा आकडा, आणि तो कोणाचा हे तुझ्या पोटात राहू दे.

तुझ्या बोलण्यावरून मला जे कळलं ते असं. तुझी बॉस नऊच्या हँडिकॅपची, म्हणजे खरीखुरी खेळाडू. तू आणि आणखी दोघी पंचविसाच्या पुढे. दोघी वर्षभर रेंजवर जातात, आणि उरलेल्या दोघींनी खरा कोर्स अजून पाहिलेलाच नाही. बरोबर ना? मग ऐक.

सेंट अँड्र्यूज म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच ओल्ड कोर्स येतो. पण तिथे एका ट्रस्टचे मिळून सात कोर्स आहेत आणि ते सगळे सार्वजनिक आहेत, कोणा मेंबरची शिफारस लागत नाही. न्यू कोर्स नावाचा जो आहे तो १८९५ सालचा, आपल्या पुण्याच्या नव्या पुलासारखाच 'नवा'. तुमच्या कामाचे खरे दोन. एक बॅलगोव्ह, नऊ होलचा, मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठीच ठेवलेला. दुसरा स्ट्रॅथटायरम. अठरा होल, पण लांबी बेताची आणि बंकर फक्त पंधरा. ओल्ड कोर्सवर एकशे बारा आहेत, त्यातले काही असे खोल की उतरायला शिडी हवी वाटते! तुमच्यासारख्या मिसळ-मंडळींना स्ट्रॅथटायरमवर जो आनंद मिळेल तो त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून दुसरीकडे मिळणार नाही. मोठ्या कोर्सवर पहिल्या तासाभरातच नवख्यांचा जीव मेटाकुटीला येतो, आणि त्यांच्यासाठी थांबून थांबून चांगल्या खेळणारीचीही लय जाते. पैसे दोघींचे जातात.

ओल्ड कोर्सचा मोह तरीही होणारच, मलाही झाला होता. भर हंगामात त्याची ग्रीन फी तीनशे पौंडांच्या वर आहे. पण खेळायचंच असेल तर वर्षभर आधी बुकिंगच्या मागे लागायला नको. तिथे सोडत असते, म्हाडाच्या घरांसारखी. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावं द्यायची, कमीत कमी दोघी, जास्तीत जास्त चौघी. संध्याकाळी निकाल. हँडिकॅपचा दाखला लागतो, त्यामुळे तुमच्यातल्या नवख्या आपोआपच वगळल्या जातात. एक गोष्ट मात्र आधी ठरवून टाक. नाव लागलं तर खेळायलाच लागेल, म्हणजे तीनशे पौंड भरायलाच लागतील. ज्यांना ते नको असतील त्यांची नावं टाकायचीच नाहीत, आणि 'एवढं आलोय तर' असं कोणी त्यांना म्हणायचं नाही. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्यानं एका मैत्रिणीची पूर्ण सुट्टी कडू झाली.

ओल्ड कोर्स सगळ्यांनाच फुकटात बघता यावा म्हणून तुम्ही रविवारी या. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून लूकर्सपर्यंत थेट गाडी आहे. पुढे सेंट अँड्र्यूजला ९९ नंबरची बस. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. गावातले लोक तिथे कुत्री फिरवतात, पोरं पळतात. तिथल्या स्विलकन पुलावर फोटो काढा, त्या खोल बंकरमध्ये डोकावून या. फुकट. सोडतीत नाव नाही लागलं तरी 'ओल्ड कोर्सवर जाऊन आलो' म्हणायला मोकळ्या.

सोमवारी सकाळी आधी बुधवारसाठी नावं टाका आणि मग स्ट्रॅथटायरमवर या. तिथे स्क्रॅम्बल खेळा. चौघींची एक टीम. सगळ्याजणी मारतात, जिचा बॉल बरा पडला तिथून पुन्हा सगळ्या मारतात. नवख्या बाईचे दहा फटके वाया गेले तरी चालतात, अकरावा चुकून सरळ गेला की सगळ्या तिच्या बॉलकडे धावतात. तो एक फटका ती दहा वर्षं सांगत बसते. तुझ्या बॉसला आणि दुसऱ्या चांगल्या खेळणारीला एकाच टीममध्ये ठेवू नकोस, बस.

एरवी स्टेबलफोर्डच्या गुणांनी खेळा. वॉलसीच्या एका डॉक्टरनं काढलेली ही पद्धत, १९३२ साली पहिल्यांदा त्याच्याच क्लबवर स्पर्धेत वापरली. वॉलसी म्हणजे लिव्हरपूलच्या पलीकडचं समुद्रावरचं गाव, वारा नुसता सोसाट्याचा. त्या वाऱ्यात एक होल बिघडलं की अख्खा डाव जायचा, त्यावर त्यानं हा तोडगा काढला. आता बघ, पार चारचं होल आहे. छत्तीस हँडिकॅपवालीला प्रत्येक होलला दोन फटके माफ. तिनं सहा मारले तर हिशेबात चार, म्हणजे दोन गुण. तुझ्या बॉसला फक्त नऊ अवघड होलवर एकेक फटका माफ. या होलवर माफी नसेल तर तिनं चार मारले तरी तिलाही दोनच गुण. आणि सगळ्यात छान काय, तर गुण मिळण्याची आशा संपली की बॉल उचलून खिशात घालायचा. नवव्या फटक्यापर्यंत कोणी घाम गाळत बसत नाही, मागचेही खोळंबत नाहीत. बॉल शोधायला नियमानंच तीन मिनिटं असतात, ती मोजायला एकीला नेम.

सोमवारी संध्याकाळी मात्र माझ्याबरोबर यायचं, हिमालयात. हसू नकोस. ओल्ड कोर्सला लागूनच एक पटिंगचं मैदान आहे, नुसते उंचवटे आणि खळगे, म्हणून त्याला हिमालय म्हणतात. १८६७ साली निघालेल्या तिथल्या बायकांच्या पटिंग क्लबचं ते आहे. बाईमाणसानं खांद्याच्या वर हात नेऊन क्लब फिरवणं तेव्हा शोभत नसे, म्हणून त्यांच्या वाट्याला पटिंग आलं. थोडक्या पौंडांत कोणीही जाऊन खेळावं, पटर तिथेच मिळतो. परवाच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. वय एकाहत्तर, कॉटनची साडी, खाली माझे पांढरे बूट. त्यांनी पटर हातात घेतला, उंचवट्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि बॉल छिद्राच्या दिशेनं नाहीच, चांगला सहा हात डावीकडे मारला. मी काही म्हणणार तेवढ्यात तो चढावर गेला, दमला, वळला, आणि उतारावरून आरामात छिद्राशी येऊन टेकला. तुझ्या भावोजींचा हँडिकॅप बारा. ते सात फटक्यांनी हरले. "सांगलीत वाड्याच्या मागे गोट्या खेळलेय मी, जमिनीचा उतार कळतो मला," असं म्हणून सासूबाईंनी पदर खोचला आणि पुढच्या होलकडे निघाल्या. तुझ्या त्या दोन नवख्यांना पहिली जीत इथे मिळू दे.

मंगळवारी सगळ्यांनी एकत्र खेळायचा अट्टाहास धरायचा नाही. चौघींची एक फळी क्रेलला, बॅलकोमी लिंक्सवर. तो १७८६ साली स्थापन झालेला क्लब आहे, कोर्स भर समुद्राच्या काठावर, आणि फी सेंट अँड्र्यूजच्या बड्या नावांच्या मानानं सुसह्य. दुसरी फळी त्याच रस्त्यावर थोडं पुढे अँस्ट्रदरला. नऊ होलचा छोटा कोर्स. त्याचं पाचवं होल 'रॉकीज' म्हणून बदनाम आहे, पार तीन आहे खरं, पण भलेभले तिथे नाकी नऊ येऊन परततात. तिथे सगळ्याच सारख्या वाईट खेळतात. दुपारी अँस्ट्रदरच्या बंदरावर दोन्ही फळ्या भेटा, फिश अँड चिप्स खा. ९५ नंबरची बस दोन्ही गावांतून जाते, गाडी भाड्यानं घ्यायची गरज नाही.

राहायचं म्हणशील तर जूनमध्ये विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोल्या भाड्यानं देतात. साध्या, स्वच्छ, गावातच. हॉटेलच्या मानानं खूप स्वस्त. उजेड रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे पुष्कळ कोर्सवर संध्याकाळचे स्वस्त दर मिळतात, ते आधी विचारून घे. आणि प्रत्येकीनं चौदा क्लब आणायचे नाहीत. नवख्या दोघींना एक हायब्रिड, सात नंबरचा आयर्न, वेज आणि पटर पुरे. बाकीच्यांनी आपल्यातला एक एक द्यावा. जुने बॉल मात्र पिशवीभर आणा. कपड्यांचं सांगते, पावसाचं जाकीट आणि एक जादा मोज्यांची जोडी, उन्हाळा म्हणून फसू नका. कधीकधी ऐन दुपारी समुद्रावरून दाट धुकं येतं, शंभर पावलांपुढचं दिसत नाही. इथे त्याला 'हार' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, कोणाची? कोणी हसलं नाही.

पैसे भिशीसारखे आधी गोळा कर. तुझ्या कार्डावर आठजणींचं बुकिंग आणि मग महिनाभर 'अगं ते राहिलेले बावन्न पौंड' असं लाजत विचारत फिरणं, हे करू नकोस. कोर्सची फी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, तेव्हा पैसे आल्यावरच बुकिंग. वर माणशी थोडे सामायिक डबीत, बस, चहा, सूप, हरवलेल्या बॉलांना. संध्याकाळचं जेवण दोन दिवस माझ्याकडे. पिठलं-भात करते, दोघी शाकाहारी आहेत ना तुमच्यात? क्लबहाउसमध्ये त्यांना सूप आणि चिप्सच्या पलीकडे फारसं काही मिळत नाही.

आणि हो, ती माझी फोटो काढणारी मैत्रीण अजून डंडीतच आहे. तिला सांगितलं, सोमवारी संध्याकाळी हिमालयात ये, मी आहे, माझ्या धाकट्या बहिणीच्या मैत्रिणी आहेत. 'चालेल' नाही म्हणाली. जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'किती होल असतात?' मी म्हटलं, अठरा, पण मध्येच सोडता येतात.

तू आधी फोनाला लाग. आणि येताना कुळथाचं पीठ आण, माझं संपलंय.