धुराचा रंग आणि धुराची वेळ

"सर, रेसच्या गाडीतून धूर आला म्हणजे इंजिन गेलं का?" लगेच नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट, निळसर म्हणजे ऑइल जळतंय. इथपर्यंत मुलं पाठ करतात. खरी मेख वेळेत आहे. वेग वाढवताना सतत निळा धूर आला तर संशय पिस्टन रिंगवर. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना आला तर व्हॉल्व्ह सीलवर. आणि फक्त लांब वळणानंतर आला तर? पोर्शे ९११ चे सिलिंडर आडवे असतात. वळणात ऑइल एका बाजूला चढतं, ब्रीदरच्या नळीतून इंजिनात ओढलं जातं. (अर्धी बादली पाणी घेऊन झपकन वळून दाखवा.) म्हणून आधी ऑइलची पातळी बघायची. बऱ्याचदा जास्तच भरलेलं असतं. पण ऑइल प्रेशरचा दिवा लागला तर फेरी पूर्ण करायची नाही. पंपात हवा शिरली की बेअरिंग बघता बघता जातात.