पिशवीवरची तारीख

"डॉक्टरसाहेब, हे रक्त तं महिन्याभराचं हाय. मायले लावाले ताजं नाई भेटत का?"

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. खुब्याचं हाड मोडलेल्या आईचं ऑपरेशन ठरलं होतं आणि मोठा मुलगा पिशवीवरची तारीख बोटाने दाखवत होता. रक्त घेऊन तीस दिवस झाले होते. धाकटा भाऊ बाही वर करूनच उभा होता, "माझं घ्या, आत्ताच्या आत्ता." अकोल्यात जठारपेठेतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून आज त्यावरच लिहितो.

शंका रास्त आहे. दूध, भाजी, भाकरी, सगळं आपण ताजं बघून घेतो, मग रक्त शिळं का चालवून घ्यायचं? पण रक्ताच्या पिशवीत काय चालतं ते पाहू. दात्याचं रक्त येण्याआधीच पिशवीत थोडं द्रावण भरलेलं असतं. त्यातलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. ग्लुकोज आणि अ‍ॅडेनीन ही लाल पेशींची शिदोरी. २ ते ६ अंश तापमानात पेशींचा कारभार अगदी मंद होतो आणि या शिदोरीवर त्या ३५ दिवस तग धरतात. लाल पेशी वेगळ्या करून त्यात आणखी पोषक द्रावण घातलं तर ४२ दिवस. हे आकडे कुणी अंदाजाने ठरवलेले नाहीत. शेवटच्या दिवशी रक्त दिलं तरी २४ तासांनंतर किमान ७५ टक्के लाल पेशी रुग्णाच्या शरीरात फिरत असल्या पाहिजेत, अशी कसोटी आहे. म्हणजे मुदतीची तारीख ही रक्त नासण्याची तारीख नव्हे.

तरीही साठवणीत रक्त बदलतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पेशींमधून पोटॅशियम बाहेर झिरपतं, आम्लता वाढते, गोल पेशी काटेरी आणि ताठर होऊ लागतात. फुप्फुसात उचललेला ऑक्सिजन शरीरात नेमक्या जागी सोडायला लाल पेशीला २,३-डीपीजी नावाचा पदार्थ लागतो, तो दोन आठवड्यांत जवळजवळ संपतो. शरीरात गेल्यावर मात्र पेशी तो एक ते तीन दिवसांत पुन्हा तयार करतात.

या बदलांची धास्ती डॉक्टरांनीही घेतली होती. २००८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने हृदयशस्त्रक्रियेच्या ६,००२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना १४ दिवसांपेक्षा जुनं रक्त मिळालं त्यांच्यात मृत्यू आणि गुंतागुंत जास्त दिसली. त्यानंतर काही काळ मीही चिठ्ठीवर 'ताजं रक्त' असं लिहीत होतो. पण तो अभ्यास मागच्या नोंदींचा होता, कुणाला कोणतं रक्त द्यायचं हे त्यात आधी ठरवलेलं नव्हतं. खरी परीक्षा व्हायची तर चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायला हवेत. पुढे तेच झालं. २०१५ मध्ये अतिदक्षता विभागातल्या सुमारे २,४०० रुग्णांपैकी एका गटाला सरासरी ६ दिवसांचं आणि दुसऱ्याला २२ दिवसांचं रक्त दिलं, ९० दिवसांतल्या मृत्यूंत फरक आढळला नाही. २०१६ मध्ये चार देशांतल्या सहा रुग्णालयांत २० हजारांहून अधिक रुग्णांवर हाच प्रयोग झाला. ताज्या रक्ताच्या गटात मृत्यूचं प्रमाण ९.१ टक्के, जुन्याच्या गटात ८.७.

मला यातला सर्वांत जवळचा वाटतो तो युगांडातला अभ्यास. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात मलेरिया आणि सिकलसेलमुळे रक्त अगदी कमी झालेली, धाप लागलेली २९० लहान मुलं त्यात होती. निम्म्यांना १० दिवसांच्या आतलं रक्त दिलं, निम्म्यांना २५ ते ३५ दिवसांचं. शरीराला ऑक्सिजन पोचल्याची खूण दोन्हीकडे सारखीच. मेळघाटातून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात येणारी सिकलसेलची लेकरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या निकालाचं मोल सांगायला नको.

आता धाकट्या भावाच्या बाहीबद्दल. सख्ख्या नातेवाइकाचं ताजं रक्त सर्वांत चांगलं, ही समजूत मला मोडून काढायची आहे. ताज्या रक्तात दात्याच्या पांढऱ्या पेशी जिवंत आणि चपळ असतात. मुलाच्या पेशी आईच्या शरीराला इतक्या ओळखीच्या वाटू शकतात की ते त्यांना मारत नाही. त्या तिथे ठाण मांडतात आणि आईच्याच त्वचेवर, यकृतावर, आतड्यावर, अस्थिमज्जेवर उलटतात. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावतात. नातेवाइकाचं रक्त द्यायचंच असेल तर आधी त्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. शिवाय एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या झाल्याशिवाय कोणतीही पिशवी रुग्णापर्यंत जाता कामा नये, रक्त देणारा कितीही सख्खा असो.

काही रुग्णांना मात्र ताजं रक्तच हवं. तीव्र काविळीत नवजात बाळाचं सगळं रक्त बदलायचं असतं तेव्हा जुन्या पिशवीतलं पोटॅशियम त्याच्या हृदयाला झेपत नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना जन्मभर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. दिलेल्या पेशी जितक्या जास्त दिवस टिकतील तितक्या पिशव्या कमी आणि शरीरात साचणारं लोहही कमी, म्हणून शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं रक्त मागावं. आपण सगळ्यांनीच ताज्याचा हट्ट धरला तर या लेकरांच्या वाट्याला काय उरेल?

तारखेपेक्षा मला भीती वाटते ती रक्तपेढी ते खाट या प्रवासाची. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हात साध्या प्लास्टिकच्या थैलीत पिशवी घालून मोटारसायकलवर आणणारे लोक मी पाहिले आहेत. कालचं रक्तही अशाने बिघडतं. थर्माकोलचा डबा मागून घ्या, पण बर्फ पिशवीला थेट चिकटू देऊ नका, गोठलेल्या पेशी फुटतात. घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, गरम पाण्यात बुडवू नका. रक्त लगेच लावायचं नसेल तर अर्ध्या तासाच्या आत पेढीत परत करा. एकदा सुरू केलेली पिशवी चार तासांत संपलीच पाहिजे.

रक्तदान करणाऱ्यांसाठी हेच ३५ आणि ४२ दिवस फार महत्त्वाचे आहेत. २६ जानेवारीच्या शिबिरातलं रक्त फार तर ९ मार्चपर्यंत चालतं. १४ एप्रिलला आपल्याकडे किती उत्साहाने रक्तदान होतं! पण तेही २६ मेच्या पुढे जात नाही. नेमकी तेव्हा कॉलेजं बंद, माणसं गावाला, ऊन माथ्यावर, आणि बाळंतपणं नि अपघात काही थांबत नाहीत. प्लेटलेट तर पाचच दिवस टिकतात, पुढे डेंग्यूच्या दिवसांत ऑगस्टमधल्या शिबिराचा काही उपयोग नाही.

त्या आईला तीस दिवसांचीच पिशवी लावली. ऑपरेशन नीट झालं, तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली. थोरल्याने त्याच दिवशी पेढीत रक्त दिलं, कुणा अनोळखी माणसासाठी. धाकट्याला मी सांगितलं, तू थांब, मेच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी लवकर, पोटभर खाऊन आणि भरपूर पाणी पिऊन जा. तो गेला.