अफू : औषध आणि व्यसन

मध्य प्रदेशातील मंदसौर, नीमच व रतलाम या जिल्ह्यांत शेतकरी केंद्र शासनाच्या परवान्याने अफूचे पीक घेतात. या लागवडीवर ग्वाल्हेर येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोची देखरेख असते. बोंडाला चिरा पाडल्यावर पाझरणाऱ्या चिकातून मॉर्फीन हे वेदनाशामक औषध मिळते. परंतु त्याच मॉर्फीनपासून हेरॉइन बनते. ‘ब्राउन शुगर’ हे त्याचेच अशुद्ध रूप होय.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लक्ष लोक अफू, हेरॉइन व त्या वर्गातील औषधांचे सेवन करीत होते.

सततच्या सेवनाने शरीर या पदार्थांना सरावते व मात्रा वाढवावी लागते. सेवन थांबताच अंगदुखी, जुलाब व निद्रानाश सुरू होतो. त्यामुळे केवळ उपदेशाने किंवा कोंडून ठेवल्याने व्यसन सुटत नाही. उलट, काही काळ खंड पडल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. अशा वेळी पूर्वीचीच मात्रा घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

यास्तव लोकलज्जेपोटी व्यसन लपवू नये. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे कलम ६४-अ, अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणाऱ्या व्यसनी व्यक्तीने शासकीय वा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने पूर्ण उपचार घेतल्यास, तिला खटल्यापासून संरक्षण देते. मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. व्यसनी मनुष्य हा प्रथम रुग्ण आहे, हे कुटुंबीयांनी व शिक्षकांनी ध्यानी घ्यावे.