अंबाळ्याच्या घाटावर



येत्या २ नोव्हेंबरला आपण सर्व मृत भाविकांचे स्मरण करणार आहोत. त्या निमित्ताने आजच्या पाठासाठी आम्ही तुम्हांला शेजारच्या एका तळ्याकाठी नेणार आहोत.

गेल्या पितृपक्षात आपल्या धर्मग्रामातील एका भावाबरोबर आम्ही रामटेकला गेलो होतो. त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्याला बरीच वर्षे झाली. घरातील बाकी सर्व हिंदू आहेत. त्यांची आई वारली होती आणि थोरले बंधू अंबाळा तलावावर पिंडदान करणार होते. “फादर, मी तिथं उभा राहू की नको?” असे त्यांनी आम्हांला विचारले.

हा प्रश्न आम्हांला नवा नव्हता. वडील वारले तेव्हाही त्यांनी तोच विचारला होता आणि आम्ही ‘जाऊ नका’ एवढे सांगून मोकळे झालो होतो. ते गेले नाहीत. त्यानंतर तीन वर्षे दोघा भावांत बोलणे नव्हते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, पण उत्तर देण्याआधी समोरच्याचे ऐकून घ्यावे, हे त्या दिवशी विसरलो. म्हणून या वेळी आम्ही स्वतः सोबत गेलो.

तळे आणि डोंगर

रामटेकच्या डोंगराच्या पायथ्याशी अंबाळा तलाव आहे. काठाने घाट आणि जुनी देवळे आहेत, तिथून पायऱ्या वर रामाच्या देवळाकडे जातात. गावात शांतिनाथांचे जैन मंदिरही आहे. ही श्रद्धा आजकालची नाही. सुमारे १५०० वर्षांपूर्वी वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिने दिलेल्या एका ताम्रपटात ‘रामगिरिस्वामी’च्या पावलांचा उल्लेख आहे. अंब नावाच्या राजाचा कुष्ठरोग या तळ्याच्या पाण्याने बरा झाला, अशी आख्यायिका सांगतात. ती ऐकताना आम्हांला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारणारा नामान आठवला. दुखणाईत माणूस पाण्याकडे येतो आणि देवाकडे हात पसरतो. ही ओढ सगळीकडे सारखीच आहे.

घाटावर गर्दी होती. भटजी मंत्र सांगत होते. दर्भ, तीळ, पिंड, ओंजळीतले पाणी. आपले भाऊ मागे एका बाजूला उभे होते. थोरल्या बंधूंनी वळून पाहिले आणि एवढेच म्हणाले, “ये, आईसाठी उभा राह.” ते पुढे झाले. विधी त्यांनी केला नाही. हात जोडून मनात प्रभूची प्रार्थना म्हटली. विधी संपल्यावर थोरल्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांचा अबोला तिथे संपला.

दूरचे दुसरे तळे

परतताना आम्हांला ग्वाटेमाला देशातील आतित्लान सरोवर आठवले. तीन ज्वालामुखींच्या मधे असलेल्या त्या सरोवराच्या काठी सांतियागो आतित्लान नावाचे माया लोकांचे गाव आहे. तिथे ‘माशिमोन’ नावाची लाकडी मूर्ती आहे. गावातील मंडळे तिची सेवा करतात आणि लोक तिला तंबाखू व दारू वाहतात. १९५०च्या सुमारास काही धर्मगुरूंनी ती मूर्ती जबरदस्तीने हटवू पाहिली. परंपरा थांबली नाही. मने मात्र दुरावली.

पुढे १९६८ साली अमेरिकेतील ओक्लाहोमाहून फादर स्टॅनली रॉदर तिथे आले. ते शेतकऱ्याचे पुत्र होते आणि सेमिनरीत लॅटिन भाषेने त्यांना फार छळले होते. तरी गावकऱ्यांची त्झुतुहिल ही अवघड भाषा ते शिकले आणि नव्या कराराच्या त्या भाषेतील भाषांतराला त्यांनी हातभार लावला. १९७६च्या भूकंपानंतर चर्चमधील वेदीमागचे कोरीव काम गावच्याच कारागिरांकडे सोपवले. त्यात कारागिरांनी आपले डोंगर आणि आपल्या रीतीही कोरल्या. फादरांनी माशिमोनला देव मानले नाही, पण त्याच्यापाशी जाणाऱ्या माणसांना परकेही मानले नाही. जिवाला धोका आहे असे कळल्यावर १९८१च्या आरंभी ते मायदेशी गेले, पण पुनरुत्थानाच्या सणाला आपल्या लोकांत परतले. २८ जुलै १९८१ रोजी चर्चच्या निवासातच त्यांची हत्या झाली. शरीर ओक्लाहोमाला गेले. हृदय गावकऱ्यांनी आपल्याकडे ठेवून घेतले. २०१७ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले.

आदर आणि आराधना

ख्रिस्तसभेलाही हा मार्ग सहज सापडला नाही. चीनमधील ख्रिस्ती लोकांना पूर्वजांच्या सन्मानाचे विधी करण्यास १७४२ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी मनाई केली. जवळजवळ दोनशे वर्षांनी, १९३९ साली, पोप पायस बारावे यांच्या काळात त्यांतील पुष्कळ रीतींना परवानगी मिळाली. त्या पूजा नसून आदर आहेत, हे मान्य झाले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात सांगितले की, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही.

यातून आपण दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकतो. आराधना फक्त देवाची, आणि ती आपण ख्रिस्ताद्वारे करतो. म्हणून पिंडदानाचा विधी आपण स्वतः करत नाही. आदर मात्र आई-वडिलांचा, भावाच्या दुःखाचा आणि शेजाऱ्याच्या प्रार्थनेचाही असतो. म्हणून आपण त्यांच्या शेजारी उभे राहतो.

आणि बाप्तिस्मा न घेता गेलेल्या आईचे काय? तिच्यासाठीही मिस्सा अर्पण करता येते. ख्रिस्तसभेचा कायदा जिवंत वा मृत कोणासाठीही मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक देतो. तिच्या अंतःकरणातील श्रद्धा देवाला ठाऊक आहे.

२ नोव्हेंबरच्या मिस्सामध्ये या भावाच्या आईचे नाव घेतले जाईल. थोरले बंधूही येणार आहेत. ते मागच्या बाकावर एकटे दिसले, तर त्यांना पुढे बोलवा.

घरी विचार करण्यासाठी

१. आपल्या घराण्यातील कोणत्या मृतांचे नाव आपण प्रार्थनेत कधीच घेतले नाही?

२. धर्माच्या कारणावरून आपला कोणाशी अबोला आहे का? पहिले पाऊल कोण टाकणार?

३. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ वाचा. अथेन्समध्ये संत पौलाने बोलण्याआधी काय पाहिले?