भाड्याचा पुढचा हिशेब

पिझ्झा, बर्गर, कॉफी विकणाऱ्या साखळी कंपन्यांची बहुतेक दुकाने भाड्याच्या जागेत असतात आणि करार वर्षानुवर्षांचे असतात. त्यामुळे बँकेचे एक रुपयाही कर्ज नसलेल्या कंपनीच्या डोक्यावरही पुढच्या भाड्याचा मोठा बोजा असू शकतो.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून ‘इंड एएस ११६’ हे लेखामानक लागू झाले. त्याआधी दुकानभाडे सहसा त्या त्या वर्षाचा खर्च म्हणून नोंदले जाई. आता पुढच्या हप्त्यांचे आजचे मूल्य काढून ते ताळेबंदात ‘लीज दायित्व’ म्हणून दाखवावे लागते.

मात्र हे आजचे मूल्य म्हणजे भरायची सगळी रक्कम नव्हे. एका खाद्यसाखळीचे शेअर घेताना प्रस्तुत लेखकाने नेमकी हीच गल्लत केली आणि ती महागात पडली. समजा, एका गाळ्याचे भाडे महिना १ लाख, करार ९ वर्षांचा आणि दर ३ वर्षांनी १५ टक्के वाढ. पहिल्या तीन वर्षांत ३६ लाख, पुढच्या तीनांत ४१.४ लाख, शेवटच्या तीनांत सुमारे ४७.६ लाख, म्हणजे एकूण १२५ लाख होतात. भाडे वर्षअखेर दिले जाते असे धरून १० टक्के दराने आजचे मूल्य काढले, तर ते जेमतेम ७८ लाख भरते. ताळेबंदात ७८ दिसतात. घरमालकाला १२५ द्यायचे असतात. खरा आकडा वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये, तरलता जोखमीच्या तक्त्यात सापडतो. एक वर्षाच्या आत किती, त्यानंतर किती, अशी देणी तिथे आजच्या मूल्यात न बदलता मांडलेली असतात.

दुसरी चूक नफा वाचताना होते. नव्या मानकात भाडेखर्चाऐवजी घसारा आणि व्याज नोंदले जाते आणि हे दोन्ही एबिटाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या नफ्याच्या) खाली येतात. साहजिकच एबिटा फुगलेला दिसतो. रोख प्रवाह पत्रकातही लीजच्या मुद्दलाची परतफेड वित्तपुरवठ्याच्या भागात जाते. लेखकाने जो पैसा नव्या दुकानांसाठी शिल्लक आहे असे समजले, तो प्रत्यक्षात जुन्या दुकानांच्या भाड्यात जात होता. लीजची परतफेड आणि तिचे व्याज कामकाजाच्या रोकडीतून वजा केल्यावरच हाती काय उरते ते कळते. काही कंपन्या ११६ पूर्व पद्धतीचा एबिटाही देतात. तुलनेसाठी तो अधिक प्रामाणिक वाटतो.

काही देणी दायित्वात येतच नाहीत. मॉलमध्ये बऱ्याचदा किमान भाडे किंवा विक्रीचा ठरावीक हिस्सा, यांतले जास्त ते द्यावे लागते. विक्रीवर बेतलेला वरचा भाग दायित्वाबाहेर राहतो. बारा महिन्यांपर्यंतचे करार वगळण्याची मुभा आहे. सही झालेली पण ताबा न मिळालेली दुकानेही त्यात नसतात.

शेवटी लॉक-इनचा, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ पाहावा. तो संपल्यावर नोटीस देऊन तोट्यातले दुकान बहुधा सोडता येते. त्याआधी शटर खाली ओढले तरी भाडे चालूच राहते. शेअर घेण्याआधी वाचकांनी टिपांमधला तो एक तक्ता तरी उघडून पाहावा, एवढी कळकळीची विनंती.